नावावर काय, तर कर्ज

बाईला कर्ज द्यायला आज सगळे तयार आहेत. बँका तयार आहेत, मायक्रोफायनान्स कंपन्या तयार आहेत, मुद्रा योजना आहे, फेरीवाल्यांसाठी स्वनिधी आहे, बचत गटांच्या पाठीशी सरकारी अभियान आहे. आपल्या चळवळीची जुनी तक्रार होती की कष्टकरी बाईला बँकेच्या पायरीवरही उभं करत नाहीत. आता कर्ज देणारा माणूसच मोटारसायकलवरून वस्तीत येतो, सतरंजी अंथरायला सांगतो आणि बायांना ओळीत बसवतो. मग आपली मागणी मान्य झाली असं समजून स्वस्थ बसायचं का? मला तसं वाटत नाही.

मी पनवेलमध्ये बरीच वर्षं बचत गटांच्या वह्या बघते. मासळी विकणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, पोळीभाजीचे डबे करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या अशा बाया आमच्या गटांत आहेत. एका बैठकीत सहज विचारलं, तुमच्या प्रत्येकीच्या नावावर काय काय आहे ते सांगा. घर? नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या. जमीन उरलीच असेल तर नवऱ्याच्या आणि दिरांच्या. टेम्पो मुलाच्या. बाजारातली बसायची जागा? ती कुणाच्याच नाही, "सासू बसायची म्हणून मी बसते." बराच वेळ विचार करून एक जण म्हणाली, "ताई, रेशनकार्डावर पहिलं नाव माझं आहे." दुसरी म्हणाली, "गॅस माझ्या नावावर आहे." तिसरी जरा हसतच म्हणाली, "आणि कर्ज." सगळ्याजणी हसल्या. म्हणजे घरच्यांना खाऊ घालायची जबाबदारी आणि पैसे फेडायची जबाबदारी, एवढ्या दोनच गोष्टी कागदोपत्री बाईच्या.

मला मांडायचं आहे ते एवढंच. धंदा उभा राहायला आणि वाढायला जे लागतं, म्हणजे जागा, परवाना, माल ठेवायची सोय, घरातल्या मिळकतीत वाटा, त्यातलं काहीच बाईच्या नावावर होत नाही. होते ती फक्त जोखीम. आणि त्याला सगळे मिळून सक्षमीकरण म्हणतात.

कर्ज वाईटच, घेऊच नये, असं म्हणणाऱ्याही मैत्रिणी आहेत. त्या बहुतेक पगारदार असतात. बाजारात बसणाऱ्या बाईला रोज भांडवल लागतं. पहाटे ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्याला जायचं, लिलावात माल घ्यायचा, बर्फ, हमाली, टेम्पोचं भाडं, आणि ऊन चढायच्या आत पनवेलला येऊन वाटे लावायचे. हातात रोकड नसेल तर लिलावात उभं राहता येत नाही. अशा बाईला सकाळी नऊशे रुपये देऊन संध्याकाळी हजार घेणारा सावकार कोणत्याही मोठ्या बाजारात सापडतो. नऊशेवर शंभर म्हणजे एका दिवसाला अकरा टक्के. वर्षाचा हिशेब करायला बसलं तर आकडा वहीत मावत नाही. त्याच्यापुढे वर्षाला चोवीस टक्क्यांनी मिळणारं कर्ज देवासारखंच वाटणार. म्हणून छोटं कर्ज मिळायला हवं, ही मागणी मी सोडलेली नाही. प्रश्न आहे तो कर्ज कसं आणि कशाच्या जोडीला मिळतं याचा.

मासळीचंच उदाहरण पुढे नेते. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा काळ, बंदी योग्यच आहे. या दोन महिन्यांत ताजी मासळी कमी आणि महाग. शहाणी बाई मे महिन्यातच बोंबील, जवळा, सोडे, अंबाड असा सुका माल भरून ठेवते आणि पावसाळाभर विकते. म्हणजे तिला मोठी रक्कम लागते ती एप्रिल-मेमध्ये, आणि पैसे हळूहळू सुटतात ते जुलै-ऑगस्टपर्यंत. पण कर्जाचा पहिला हप्ता दोन आठवड्यांत, फार तर महिन्यात सुरू होतो. माल अजून पोत्यात आहे, पाऊस सुरू व्हायचा आहे, आणि हप्ता दारात. मग ती काय करते? घेतलेल्या कर्जातलेच थोडे पैसे बाजूला ठेवते आणि त्यातूनच पहिले चार-सहा हप्ते भरते. कंपनीच्या कागदावर वसुली शंभर टक्के. धंद्यात गेले ते अर्धेच पैसे, व्याज मात्र पूर्ण रकमेवर.

हे केवळ माझं निरीक्षण नव्हे. कोलकात्यात अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. काही बायांना नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांनी पहिला हप्ता ठेवला, काहींना दोन महिन्यांची सवड दिली. सवड मिळालेल्यांनी धंद्यात जास्त पैसे घातले आणि तीन वर्षांनी त्यांचा नफाही बराच जास्त होता. अर्थात त्यांच्यात थकबाकीही वाढली, हे सांगायला हवं. धंदा म्हटला की काहींचा बुडणारच. पण यावरून एक गोष्ट स्वच्छ दिसते. आजच्या कर्जाची घडण बाईचा धंदा वाढावा म्हणून केलेली नाही, पैसे परत यावेत म्हणून केलेली आहे. वसुली चांगली म्हणजे बाई सुखात, असं वार्षिक अहवालात छापतात तेव्हा हे ध्यानात ठेवावं.

व्याजाचाही एक हिशेब वाचक मैत्रिणींनी एकदा स्वतः करून बघावा. दहा हजारांवर "वर्षाला फक्त बारा टक्के" म्हणून बाराशे रुपये व्याज लावलं आणि अकरा हजार दोनशेचे बारा हप्ते पाडले. महिन्याला साधारण ९३३ रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण मुद्दल तर दर महिन्याला फिटत जाते. वर्षभर सरासरी काढली तर तिच्याकडे जेमतेम साडेपाच हजारच राहिले, आणि व्याज भरलं दहा हजारांवर. खरा दर एकवीस टक्क्यांच्या पुढे जातो. आमच्या गटात हे फळ्यावर मांडून दाखवलं तेव्हा एका मावशींनी विचारलं, "मग बारा कोणाचे आणि नऊ कोणाचे?" रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहून द्यावा लागतो. तो कागद मागून घ्या. नियम आपल्यासाठी आहे, कपाटात ठेवायला नाही.

आता पैसे कुणाच्या हातात जातात ते बघू. बांगलादेशात अॅन मरी गोएट्झ आणि रीना सेनगुप्ता यांनी १९९६ साली दाखवून दिलं की बायांच्या नावावर घेतलेल्या कर्जांतल्या मोठ्या हिश्शाचा ताबा घरातल्या पुरुषांकडे असतो. त्या वेळी ग्रामीण बँकेचं जगभर कौतुक चाललं होतं, त्यामुळे हे ऐकणं अनेकांना रुचलं नाही. पुढे श्रीलंकेत बायांना आणि पुरुषांना धंद्यासाठी पैसे देऊन पाहिलं, तर पुरुषांचा नफा वाढला आणि बायांचा वाढला नाही. लगेच काही शहाण्यांनी निष्कर्ष काढला की बायांना धंदाच जमत नाही! २०१९ साली चार अर्थशास्त्रज्ञ बायांनी भारत, श्रीलंका आणि घाना इथली माहिती पुन्हा तपासली. ज्या घरात बाईचा एकटीचाच धंदा होता तिथे तिला पुरुषाइतकाच परतावा मिळत होता. ज्या घरात नवऱ्याचाही धंदा होता तिथे तिला मिळालेले पैसे त्याच्या धंद्यात गेले होते. दोष बाईच्या अकलेत नव्हता, घरातल्या सत्तेत होता. आपण हे न मोजताही सांगू शकलो असतो, पण कुणीतरी मोजलं हे बरं झालं.

मोठ्या गाजावाजाचं काय झालं तेही पाहा. भारत, मोरोक्को, मेक्सिको, मंगोलिया, बोस्निया, इथिओपिया अशा सहा देशांतल्या पाहण्या २०१५ साली एकत्र छापल्या गेल्या. हैदराबादची पाहणी त्यांतलीच. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांना कर्जाचा काही उपयोग झाला. पण घराचं उत्पन्न सरासरीने फारसं वाढलं नाही, आणि हैदराबादेत घरातले निर्णय घेण्याचा बाईचा अधिकारही वाढलेला दिसला नाही. कर्जाने घर बुडत नाही, तसं ते तरतही नाही, असा साधारण सूर. बुडत नाही हेही सगळीकडे खरं नाही. आंध्र प्रदेशात २०१० साली एकेका बाईवर चार-चार कर्जं, दारात वसुलीवाले आणि आत्महत्या इतक्या थराला गेलं की ऑक्टोबरात सरकारला वटहुकूम काढावा लागला.

हे सगळं आपल्याला परदेशातून शिकावं लागलं असंही नाही. मुहम्मद युनूस यांनी जोब्रा गावात १९७६ साली छोटी कर्जं द्यायला सुरुवात केली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७५ साली, प्रेमाताई पुरव यांनी मुंबईच्या गिरणगावात खानावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. कोकणातून, घाटावरून आलेल्या एकट्या गिरणी कामगारांना या बाया दोन वेळचं जेवण घालायच्या. कामगाराचे पैसे पगाराला यायचे, वाण्याची उधारी मात्र रोज चढायची, आणि बाई सावकाराच्या दाराशी. मंडळाने या बायांचे गट केले, एकमेकींच्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्जं मिळवून दिली. पण लक्षात घ्या, कर्ज हा तिथला शेवट नव्हता. बाई मंडळाची सभासद होती. एकत्र स्वयंपाकघर आलं, बाहेरच्या मोठ्या ऑर्डरी आल्या, नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह आलं. १९८२ च्या गिरणी संपाने तिचं गिऱ्हाईकच मोडलं तेव्हा उभं राहायला काहीतरी होतं. नुसतं कर्ज असतं तर फक्त हप्ता उरला असता.

साताऱ्यात म्हसवडला चेतना गाला सिन्हा आणि तिथल्या बायांनी बँक काढायचं ठरवलं तेव्हा प्रवर्तक बाया निरक्षर आहेत म्हणून पहिला अर्ज नाकारला गेला. बाया अडून राहिल्या. आम्हांला रक्कम सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो, तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय काढू द्या, असं त्या म्हणाल्या. १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. ती बायांच्या मालकीची आहे. या फरकाला मी फार महत्त्व देते. कंपनीच्या कर्जात बाई ग्राहक असते, आणि मायक्रोफायनान्स कंपनीला तिची ठेव घेण्याची परवानगीही नसते. म्हणजे तिच्याकडून घ्यायचा तो फक्त हप्ता. बचत कुठे ठेवायची हा तिचा प्रश्न. पनवेलकरांना तर तो चांगलाच ठाऊक आहे. इथेच मुख्यालय असलेल्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये रद्द केला. ठेव विम्याची पाच लाखांची मर्यादा असल्याने छोट्या ठेवीदारांना संरक्षण होतं, पण कागद गोळा करा, अर्ज भरा, वाट बघा, यात ज्यांचे दिवस गेले त्यांना विचारा. बाईला कर्ज किती मिळालं हे सगळे मोजतात. तिची शिल्लक सुरक्षित कुठे राहील हे फारसं कुणी बोलत नाही.

गट हा शब्दही आपलाच होता. एकमेकींची दुःखं सांगायला, नवऱ्याने मारलं तर चौघींनी मिळून जायला आपण गट केले. १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांशी जोडायला घेतले तेव्हाही आधी बचत, मग आपसांत उलाढाल, मग बँकेचं कर्ज, असा क्रम होता. आता दहा जणींना एका दुपारी बसवून फोटो काढला की गट झाला. आणि त्याचं काम एकच, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी तिच्या दारात जाऊन बसायचं. आमच्या भागात एका कंपनीचा माणूस रात्री आठ वाजता एका बाईच्या घरी येऊन बसला, आणि तिच्या शेजारणींनाही बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्या एकमेकींशी बोलेनात. संध्याकाळी सहानंतर आणि सकाळी नऊच्या आधी वसुलीसाठी तगादा लावू नये, धमकी देऊ नये, नातेवाइकांना त्रास देऊ नये, असा नियम असल्याचं त्या दहा जणींपैकी एकीलाही कुणी सांगितलेलं नव्हतं. आम्ही तो मोठ्या अक्षरांत लिहून वस्तीत लावला. माणूस येणं थांबलं नाही, पण दुपारी येऊ लागला.

त्याच नियमांत म्हटलं आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी हा नियम आहे. म्हणजे महिन्याला पंचवीस हजार मिळवणाऱ्या घराला साडेबारा हजार हप्त्यांत द्यायला मुभा! उरलेल्या साडेबारा हजारांत पनवेलसारख्या गावात भाडं, शाळा, औषधं आणि पोट, हे ज्यांनी ठरवलं त्यांनी एक महिना करून बघावं.

आता जागेबद्दल, कारण माझ्या मते खरा अडसर तिथे आहे. नेरे, मालडुंगेकडच्या डोंगरवस्त्यांतून ठाकूर आणि कातकरी बाया पावसाळ्यात रानभाज्या आणि उन्हाळ्यात करवंदं-जांभळं घेऊन येतात. रस्त्याच्या कडेला पाटी ठेवतात. गाडी आली की पाटी उचलून पळायचं. या बाईला दहा हजारांचं कर्ज देऊन ती करणार काय? जास्त माल आणला तर जास्त माल जप्त होईल. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यात नगर पथविक्रेता समिती आहे, समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून द्यायचे आहेत, आणि त्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. स्वनिधीचं कर्ज २०२० मध्ये दहा हजारांपासून सुरू झालं, २०२५ मध्ये पहिला टप्पा पंधरा हजारांचा केला. पण त्यासाठी विक्रेत्याचं प्रमाणपत्र किंवा पालिकेचं शिफारसपत्र लागतं. डोंगरावरून चार महिने येणारी बाई कोणत्या सर्वेक्षणात सापडणार? कर्जाचा आकडा वाढवणं सोपं आहे. बाजारात सहा फूट जागा, डोक्यावर पत्रा, पाण्याचा नळ आणि बायांसाठी संडास देणं अवघड आहे, कारण त्यासाठी कुणाची तरी दुसरी जागा जाते.

आणि पनवेलच्या जमिनीची गोष्ट तर जगजाहीर आहे. सिडको आली, नवी मुंबई आली, आणि २०२५ साली विमानतळही झाला. जमिनींना सोन्याचा भाव आला. त्या जमिनींच्या सातबाऱ्यावर नावं कुणाची होती? नुकसानभरपाई, साडेबारा टक्क्यांचे भूखंड, सगळं त्याच नावांच्या मागे गेलं. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्याइतका वाटा दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला. पण भाव वाढला तशी भावांना बहिणींची आठवण झाली ती हक्कसोडपत्रावर सही घ्यायला. साडी-चोळी, जेवण, आणि "माहेर तुटायला नको". ज्या बाईने लाखोंचा हक्क सहीने सोडला तीच पुढच्या महिन्यात चाळीस हजारांच्या कर्जासाठी फोटो काढायला ओळीत बसलेली मी पाहिली आहे. तिला कर्ज देणाऱ्याने विचारलं नाही की बाई, तुझा वाटा कुठे गेला. त्याचं ते काम नाही. आपलं आहे.

आणखी एक अडचण इथली. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली आणि आसपासची गावं शहरात आली. ग्रामीण भागासाठीचं उमेद अभियान, त्यातलं सवलतीच्या व्याजाचं गटकर्ज, हे ग्रामपंचायतीच्या हद्दीत चालतं. शहरी योजनेचे नियम वेगळे, कार्यालय वेगळं. बाई आहे तिथेच आहे, चूल तीच, गट तोच, फक्त हद्द बदलली. अशा गटांची जबाबदारी महापालिकेने आपल्याकडे घेतली पाहिजे, हे आम्ही लेखी मागितलं आहे.

आमच्या गटांनी एवढ्यात काही गोष्टी ठरवल्या. गटातल्या कर्जाचा हप्ता मासळीवाल्यांसाठी जून-जुलैमध्ये फक्त व्याजाचा राहील. कर्ज मागणाऱ्या बाईला धंदा कशाचा एवढंच न विचारता पैसे कुणाच्या हातात राहणार, हेही विचारायचं. रिक्षा घ्यायची असेल तर ती तिच्या नावावर घ्यायची, चालवो कुणीही. यावरून दोन घरांत भांडणं झाली, एकीने अर्ज मागे घेतला, एकीची रिक्षा मात्र तिच्या नावावर आली. हक्कसोडपत्रावर सही करायच्या आधी गटात कागद आणून वाचून घ्यायचा, हाही ठराव झाला आहे. त्याला सासरपेक्षा माहेरचाच विरोध जास्त आहे.

रत्नागिरी, पालघर, मालवणकडच्या मैत्रिणींनी आपल्या भागात बंदीच्या दोन महिन्यांत हप्त्याचं काय करतात, कुणी सवड मिळवली असेल तर कोणत्या बँकेकडून आणि कशी, ते पुढच्या अंकासाठी जरूर कळवावं. कर्जाच्या कागदाची नक्कल पाठवता आली तर फारच उत्तम, नाव-पत्ता झाकून.